तेवीस नंबरची माती

लग्न झाल्यावर दीड महिन्याच्या आत मी सरकारी माती चोरली. चोरताना ती चोरी आहे हे मला ठाऊक नव्हतं. मातीसुद्धा कुणाच्या मालकीची असते, तिला नंबर असतो आणि ती हरवली तर एक अख्खा माणूस आठ-आठ दिवस नीट जेवत नाही, हे तर मुळीच ठाऊक नव्हतं.

झालं असं की आमची ही लालबागेहून फणसवाडीत आली ती ओल्या फडक्यात गुंडाळलेली तुळशीची दोन रोपं घेऊन. एक लागली नाही तर दुसरी लागेल, असं तिच्या आईचं म्हणणं. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, पुढे लाकडी कठड्याची गॅलरी. वनस्पती तुपाचे दोन रिकामे डबे मिळाले, तळाला खिळ्याने भोकं पाडली, आता माती पाहिजे. गिरगावात खाली उतरलं की केळीच्या पानापासून नवरदेवाच्या घोड्यापर्यंत सगळं मिळतं, पण ओंजळभर माती मिळत नाही, हे मला तोवर कळलं नव्हतं. मी उत्साहाने चौपाटीवरून पिशवीभर वाळू आणली. हिने वाळूकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ह्यात काय भेळ लावायची?"

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून माती आणली.

मी तेव्हा एका सरकारी कचेरीत ट्रेसर होतो. म्हणजे साहेबांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड ताणून बसवायचं आणि खालच्या रेघा वर गिरवायच्या. कचेरी फोर्टात होती आणि दगडमातीचं गोडाऊन परळला, एका गिरणीच्या मागे. मुंबईचं मोठं द्वैभाषिक राज्य झालं, विदर्भ आमच्यात आला आणि त्याच्यामागोमाग आमच्या गोडाऊनात विदर्भाची माती आली. मांजरपाटाच्या पिशव्या, प्रत्येकीच्या तोंडाला सुतळी आणि सुतळीला नंबर ठोकलेली पत्र्याची चकती. सगळ्या ओळीने लावलेल्या, फक्त दोन पिशव्या कोपऱ्यात वेगळ्या ठेवलेल्या. मी विचार केला, ज्या ओळीत आहेत त्या कामाच्या, ज्या कोपऱ्यात आहेत त्या टाकाऊ. ह्याच तर्काने मी आयुष्यात पुढेही बरेच निर्णय घेतले. त्यांच्याबद्दल इथे नको.

एका पिशवीत काळी माती होती, दुसरीत पिवळट. एक एका डब्यात, दुसरी दुसऱ्यात. पिशव्या हिने धुऊन श्रीखंडाचा चक्का टांगायला ठेवल्या. चकत्या चांगल्या वाटल्या म्हणून एक किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवली.

आता ज्यांची ती माती होती त्यांच्याबद्दल.

ते आमच्याच कचेरीत होते आणि आमच्याच चाळीत तळमजल्यावर, नळाच्या शेजारच्या खोलीत राहत. कागदोपत्री ते जमिनीचे आणि खडकांचे तपासनीस. चाळ त्यांना मातीकाका म्हणायची. पन्नाशीचे, विधुर, अंगाने काटक. बारा महिने खाकी पँट आणि गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेलं एक भिंग. चालताना मान खाली. नवीन माणसाला वाटायचं की बिचाऱ्याच्या मागे काही दुःख आहे. दुःख नव्हतं, ते फरशा बघत असत. गिरगावात कुठे गटार खणलं की काका ऑफिसला उशिरा येणार हे ठरलेलं. एकदा तर खणणाऱ्या मजुरांनी त्यांना मुकादम समजून दुपारपर्यंत त्यांच्या सांगण्यावरून खणलं होतं, आणि मग खरा मुकादम आला.

त्यांची खोली म्हणजे एक खाट आणि बाकी दगड. खाटेखाली, कपाटात, खिडकीत, देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर. रविवारी सकाळी ते एकेक दगड खिडकीच्या उजेडात धरून भिंगातून बघत बसत आणि मध्येच "वा" म्हणत. तबल्याच्या बैठकीला दाद द्यावी तसं. मी एकदा विचारलं, ह्यात वा म्हणण्यासारखं काय आहे. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. मला दगड दिसला, जरा मोठा.

माती ते चाखून बघत. चिमूटभर घेऊन पुढच्या दातांत धरायची. कचकच लागली तर रेती, पिठासारखी लागली तर गाळ, लोण्यासारखी लागली तर चिकण. माणसाला पुढचे दात देवाने ह्याचसाठी दिले, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा चटणीचा पहिला घास घेऊन थांबले आणि म्हणाले, "सूनबाई, पाटा नवीन का? कुर्ल्याकडचा दगड दिसतो." हिला राग आला. चार दिवस ती मला सुनावत होती की घरी आलेला पाहुणा चटणीला नावं ठेवतो आणि तुम्ही मान डोलावता. पाचव्या दिवशी माझे सासरे आले. पाटा त्यांनीच दिला होता. कुर्ल्याकडचाच होता. तेव्हापासून ही त्यांना मनापासून वाढू लागली.

कोळसा कुठे असतो हे मी नकाशावरून वर्षभर गिरवत होतो, पण मला ते कळलं आमच्या ताटावर. त्या दिवशी हिने सात कापांचे घावन केले होते. एकावर एक थर, मध्ये खोबरं-गुळाचं सारण. काकांनी सुरीने सरळ काप काढला आणि तो उभा धरला. हे बघा, म्हणाले, वर्धा नदीच्या खोऱ्यात आम्ही खणलं तर असंच लागलं. सगळ्यात वर काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी, कापसाची. तिच्याखाली चुनखडीचे खडे असलेली पिवळी. मग तांबूस वाळूचा दगड, मग पाटीसारखा करडा, आणि त्याखाली कोळसा. तिथे तो फार खोल नाही, म्हणून सरकारला वाटतं बोगदा न करता वरून उघडूनच काढावा.

"मग वरचं सगळं?" हिने विचारलं.

काकांनी काप ताटात ठेवला. "त्याला आमच्या भाषेत ओव्हरबर्डन म्हणतात. कोळशाच्या वर जे जे काही आहे ते. काळी, पिवळी, दगड, सगळं एकत्र खरवडून एका ढिगात टाकायचं. ज्यावर चार गावं जेवतात त्याला ओझं म्हणायचं, सूनबाई. मी तीस वर्षं ह्या खात्यात आहे, पण हा शब्द काही माझ्या तोंडात बसला नाही."

त्यांची लढाई एवढीच होती. कोळसा काढू नका असं ते कधी म्हणाले नाहीत. गिरण्या कशावर चालतात ते परळला रोज डोळ्यांनी दिसत होतं. पण आधी वरची काळी वेगळी काढा, वेगळी ठेवा आणि काम झालं की परत वर पसरा, म्हणजे पुढची माणसं तिथे पेरू शकतील. एवढं अहवालात यावं म्हणून त्यांनी त्या पट्ट्यात चाळीस खड्डे घेतले होते. प्रत्येक खड्ड्याच्या दोन पिशव्या. एक वरच्या थराची, एक खालच्या. साहेबांनी अहवालातलं त्यांचं प्रकरण वाचून दोन ओळींवर आणलं होतं. साहेब वाईट नव्हते. त्यांना वरून सगळे कोळसा विचारत होते, माती कुणी विचारत नव्हतं.

ते दिवसही असे की वरच्या मजल्यावर, खालच्या मजल्यावर, न्हाव्याकडे, पानवाल्याकडे, जिथे तिथे एकच विषय, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. चाळीतली पोरं भिंतींवर घोषणा लिहायला कोळसा मागायला काकांकडे गेली. ज्याच्या घरी खडकाचा संसार, त्याच्याकडे कोळसा नसेल का. काकांनी एक तुकडा काढला, पोरांच्या हातावर ठेवला आणि सांगितलं की हा वीस-पंचवीस कोटी वर्षं जुना आहे, तेव्हा लिहाल ते जरा विचार करून लिहा. पोरं इतकी दबली की त्यांनी तो तुकडा परत केला आणि इराण्याच्या भट्टीतला आणला.

मग चाळीच्या कार्यकारिणीला वाटलं की आपल्याकडे शास्त्रज्ञ आहे, सभेत बोलायला लावू. काका बोलले, आणि सुरुवात तर अशी केली की मलाही रोमांच आले. आपण उभे आहोत त्या गिरगावाच्या खाली जो काळा खडक आहे तोच सह्याद्रीत आहे, तोच पुण्याखाली, तोच अजिंठ्याला, आणि विदर्भात कोळशाच्या पट्ट्याच्या पश्चिम कडेला मी स्वतः त्याच्यावर हातोडा मारला आहे. वरून कुणीही रेघा ओढो, खालून आपण केव्हाचे एक आहोत. टाळ्या थांबेनात. अध्यक्षांनी उठून जाहीर केलं की भूगर्भाचाही आपल्या मागणीला पाठिंबा आहे. काका अध्यक्षांना म्हणाले, एक राहिलं, आणि पुढे सांगितलं की हाच खडक गुजरातेतही आहे, सौराष्ट्रात तर भरपूर आहे, आणि मध्य प्रदेशातही.

पुढचं मला सांगवत नाही. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ, जे सभेत नेहमी पहिल्या रांगेत बसत, ते खुर्चीवर उभे राहून "बसा खाली" ओरडले. काका बसले. घरी येताना एवढंच म्हणाले, "खडकाला भाषा येत नाही, त्याला मी काय करू?"

असा हा माणूस. त्याला खोटं बोलता येत नसे असं मी म्हणणार नाही. त्याला खोटं सुचतच नसे. त्याचा अनुभव मला एका हरताळाच्या दिवशी आला. ट्रॅम बंद, दुकानं बंद, आणि काकांच्या डोक्यात की घरी आणलेले नमुने परळच्या गोडाऊनात आजच्या आज गेले पाहिजेत, सोमवारी त्यांची मोजणी आहे. मला म्हणाले, चल, पायी जाऊ. मी गेलो. नाही म्हणायला मला आयुष्यात वेळेवर कधी जमलेलं नाही. दोघांच्या हातात एकेक जड पिशवी. लॅमिंग्टन रोडला हवालदाराने अडवलं.

"पिशवीत काय आहे?"

"दगड," काका म्हणाले.

त्या दिवसांत, त्या रस्त्यावर, पोलिसाला हे उत्तर द्यायला एक तर फार धैर्य लागतं किंवा मातीकाका असावं लागतं. हवालदाराने पिशवी रस्त्यावर रिकामी केली. प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगाने नंबर आणि गावाचं नाव. त्याने एक उचलून वाचला.

"नंबर घालून मारणार होता काय?"

काकांनी त्याचं गाव विचारलं. देवरूखकडचा निघाला. मग काकांनी त्याला त्याच्याच गावची माती सांगितली. तांबडी, खाली जांभा, पाऊस उदंड पण विहिरी होळीनंतर आटतात, कारण जांभा चाळणीसारखा. त्याची विहीर खरंच आटत होती. काकांनी त्यातलाच एक दगड त्याच्या हातात देऊन रस्त्यावर त्याच्या घराची उतरण रेखाटून घेतली आणि नवीन विहीर वर न घेता खाली, जांभा संपून चिकण लागते तिथे घ्या म्हणून खूण केली. दगड हवालदाराने स्वतः परत भरून दिले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "पुढच्या नाक्यावर ह्यांना बोलू देऊ नका. तिथला साहेब घाटावरचा आहे, त्याच्या विहिरीला पाणी आहे."

ह्या सगळ्या काळात आमच्या गॅलरीत दोन डबे शेजारी शेजारी होते. काळ्या मातीतली तुळस बघता बघता कठड्याच्या वर गेली. पिवळीतली मात्र चार पानं धरून तशीच उभी. मी म्हणायचो तू पाणी जास्त घालतेस. ही म्हणायची तुम्ही रोप लावताना मुळं चेपलीत. नवीन लग्नात भांडायला असा एक कायमचा विषय हाताशी असणं चांगलं असतं.

आणि तेव्हाच गोडाऊनात काकांची शोधाशोध चालू झाली होती. तेवीस नंबरच्या दोन्ही पिशव्या सापडत नव्हत्या. ह्या दोन पुन्हा तपासायच्या म्हणून त्यांनी मुद्दाम वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. तेवीस हा खड्डा पट्ट्याच्या बरोबर मधोमध, तिथली काळी सगळ्यात खोल. साहेबांनी सांगितलं, मधोमधच भोक असलेल्या प्रकरणावर मी सही करणार नाही. महिनाअखेरपर्यंत तेवीस नंबर दाखवा, नाहीतर त्या दोन ओळीही जातील.

मी काकांबरोबर आठ दिवस त्या पिशव्या शोधल्या, हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात. रोज कचेरी सुटल्यावर परळला जायचं, एकेक पिशवी हलवायची. मी त्यांना धीर देत होतो. कुठे जाते माती, म्हणायचो. मी नेलेल्या पिशव्या टाकाऊ होत्या ह्याबद्दल माझ्या मनात इतकी खात्री होती की दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं मला सुचलंच नाही. काका नीट जेवेनासे झाले. खिडकीतलं रविवारचं "वा" बंद झालं. हिने ते माझ्या आधी ओळखलं आणि त्यांना जेवायला बोलावलं.

जेवताना हिने लोणच्याच्या बरणीसाठी कपाट उघडलं. जुडग्याला चकती होती, ती किल्लीवर वाजली. काकांचा घास हातातच राहिला.

"सूनबाई, ते जरा बघू."

चकत्यांवरचे नंबर ते स्वतः ठोकत. त्यांचा तीन नेहमी डावीकडे कलायचा. त्यांनी चकती उजेडात धरली, माझ्याकडे बघितलं, आणि मला सगळं एका क्षणात दिसलं. कोपरा, तर्क, डबे, आठ दिवसांची शोधाशोध. मी गॅलरीकडे बोट केलं.

काका उष्ट्या हाताने उठले. हात धुऊन गॅलरीत डब्यांसमोर उकिडवे बसले. ताटात आमटी गार झाली. एका डब्यातली चिमूट दाताखाली धरली, मग दुसऱ्यातली. मी मनात राजीनाम्याचा मजकूर जुळवत होतो. शेवटी त्यांनी मान वळवली.

"पाणी दोन्हींना सारखंच घालता?"

"सारखंच," ही म्हणाली. "तांब्या एकच आहे."

"ऊन?"

"ऊनपण सारखंच. शेजारी शेजारीच तर आहेत."

"वा," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ट्रॅममधून फोर्टात गेलो. काकांच्या मांडीवर हिरवीगार तुळस, माझ्या मांडीवर मरतुकडी. समोरच्या बाकावरच्या एका आजींनी काकांच्या तुळशीला हात जोडले. मग माझ्या डब्याकडे बघून म्हणाल्या, हिला दृष्ट लागलीय हो, मीठमोहरी उतरा.

साहेबांच्या टेबलावर खाणीचा मोठा नकाशा पसरला होता, माझ्याच हाताने गिरवलेला. काकांनी दोन्ही डबे त्यावर ठेवले. साहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं की तुळशीचं लग्न आहे का. काका म्हणाले, हा तेवीस नंबर. वरचा थर आणि खालचा थर. नमुना खराब झाला, ठेवण्यात माझा निष्काळजीपणा झाला.

इथे मी उभा राहिलो. शौर्य वगैरे काही नव्हतं. आठ दिवस जो माणूस माझ्यासमोर पिशव्या उचलत होता तो आता माझा गुन्हाही उचलत होता, आणि ते बसून बघवेना.

"साहेब, पिशव्या मी नेल्या. घरी."

"कशाला?"

"तुळशीला."

"म्हणजे सरकारी नमुन्यात तुम्ही तुळस लावलीत?"

"दोन, साहेब."

शेजारच्या खोलीत टाइपरायटर थांबले. साहेबांनी माझ्याबद्दल जे उद्गार काढले ते मी मुलांनासुद्धा सांगितलेले नाहीत. मग ते काकांकडे वळले आणि म्हणाले, हा काही पुरावा होत नाही.

"नाही होत," काका म्हणाले. "दोन डब्यांवरून मीसुद्धा निष्कर्ष काढणार नाही. तपासणी पुन्हा करावीच लागेल. पण ह्या दोघींना आपण एकाच ढिगात टाकणार आहोत. सही करण्याआधी साहेबांनी एकदा दोघींकडे बघावं, एवढंच."

साहेबांनी बघितलं. आधी घाईने, मग नीट. एक पान चुरडून वासही घेतला. मग मुदत पंधरा दिवसांनी वाढवली आणि माझ्याकडे न बघता सांगितलं, "हा मनुष्य तुमच्याबरोबर जाईल. तेवीस नंबरचा खड्डा हा स्वतः खणील, आणि ह्या तुळशी आधी घरी नेईल."

गिरगावात जन्मून मी तोवर कुंडीच्या पलीकडे काही खणलं नव्हतं. पहिल्या तासाला हाताला फोड आले, दुसऱ्या तासाला फुटले. त्या काळ्या शेतात उन्हाने अशा भेगा पडल्या होत्या की वाकताना माझं फाउंटन पेन खिशातून निसटलं आणि सरळ आत गेलं. मी हात घालू लागलो तर काका म्हणाले, राहू दे. पावसात ही जमीन फुगते, भेग मिटते आणि वरचं खाली ओढून घेते. ही स्वतःला स्वतःच नांगरते. पुढे कधी कुणाला दहा हात खाली पेन सापडलं तर तो म्हणेल काय. हे म्हणताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की पेन गेल्याचं मला वाईट वाटेना.

शेत एका म्हाताऱ्या बाईंचं होतं. त्या बांधावर बसून माझं खणणं बघत होत्या. मागच्या वर्षी काकांनी तिथूनच माती नेली होती.

"पयली माती सरली काय, बाबू?" त्यांनी विचारलं.

खरं सांगावं की नाही हा प्रश्नच नव्हता, काका शेजारी होते. मी म्हटलं, तुळशीला लावली, आजी.

"मंग वाया नाही गेली," म्हणाल्या, आणि मला पाणी दिलं. मग काकांना विचारलं की खाण झाली तर शेत जाईल, ते कळलं, पण माती कुठे जाईल. त्यांना हा प्रश्न पडला होता आणि आमच्या कचेरीत फक्त एका माणसाला पडला होता. काकांनी वचन दिलं नाही. "मी लिहितोय," एवढंच म्हणाले.

त्यांनी लिहिलं. मातीचं प्रकरण अहवालात गेलं, दोन ओळी नव्हे, पूर्ण. त्याच्या नकाशावर काळ्या मातीच्या पट्ट्याभोवतीची रेघ मी गिरवली. नोकरीत मी मैलोनमैल रेघा गिरवल्या असतील, पण ही काढताना श्वास रोखून धरल्याचं आठवतं.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी चाळीच्या चौकात मांडव होता आणि पेढे. काकांनी टेबलावर दोन काळे दगड ठेवले. एक गिरगावातल्या गटाराच्या खणतीतला, एक विदर्भातला, कोळशाच्या पट्ट्याच्या कडेचा. म्हणाले, ओळखा कुठला कोणता. कुणालाच येईना. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या गृहस्थांनी तर दोन्ही दगड हातात घेऊन, वजन करून, वास घेऊन बघितले. शेवटी त्यांनी विचारलं, ह्यातला एक मी ठेवू का. कुठला हवा, काकांनी विचारलं. कुठलाही द्या हो, ते म्हणाले, एकच तर आहे. त्या दिवशी गुजरातचा विषय काकांनी काढला नाही. तोंड उघडलं होतं, पण हिने वेळेवर त्यात पेढा भरला.

पुढे ते निवृत्त झाले आणि भावाकडे नागपूरला गेले. जाताना खोलीतले दगड चाळीत वाटले. आमच्या वाट्याला आलेला अजून दाराला अडसर म्हणून आहे. खाण सुरू झाल्याचं आम्ही पेपरात वाचलं. मग एक दिवस काकांचं कार्ड आलं. अक्षर तेच, तीन डावीकडे कललेला. जाऊन आलो, असं लिहिलं होतं. निदान तेवीस नंबरच्या बाजूला तरी काळी वेगळी काढली आहे. वेगळा ढीग आहे, चांगला उंच. चढून बघितला. त्यावर गवत आलं आहे. सूनबाईंना सांग.

मी कार्ड मोठ्याने वाचून दाखवलं. गॅलरीत तेव्हाही दोन डबे होते, दोन्ही तुळशी सारख्याच हिरव्या. पिवळीतली पुढे सावरली ती मी तिला कठड्याच्या पूर्वेकडच्या टोकाला हलवल्यामुळे, असं मी इतकी वर्षं आल्यागेल्याला सांगत आलो होतो. त्या आनंदात मी तेही पुन्हा एकदा सांगितलं.

ही तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पूर्वेकडच्या टोकाने काही झालेलं नाही. काकांना मी तेव्हा सारखंच पाणी म्हटलं ना, ते खरं नव्हतं. त्या पिवळीतलीला मी रोज तांदळाचं धुवण जास्तीचं घालत होते. बिचारी जगावी म्हणून. तरी येईना. मग तुम्ही तिकडे खणायला गेलात तेव्हा पहिल्या डब्यातली ओंजळभर काळी काढून तिच्यात मिसळली, तेव्हा तिने जीव धरला." मग सूप खाली ठेवून तिने कार्ड माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट बघितलं आणि परत दिलं. "काकांना लिहा. म्हणावं, गवत आलंय ते बरं आहे, पण ढिगावर चढून बघत बसू नका. काळी परत पसरायला लावा त्यांना, लवकर."